बालवाडीत लेखन शिकवताना आधी काय, मग काय

जूनमध्ये वर्ग उघडतो आणि दुसऱ्याच आठवड्यात मुलांच्या हातात गिरवायची वही येते. पानभर ठिपक्यांचा ‘अ’. दिवाळीपर्यंत मुलं ‘अ’ काढायलाही लागतात. पण त्यातल्या एखाद्याला ‘आईला काय सांगायचंय ते लिही बरं’ म्हटलं, तर ते आपल्या तोंडाकडे बघत राहतं. कारण त्याने आजवर काही लिहिलेलंच नसतं, रेघेवरून रेघ ओढलेली असते.

आधी ठाण्यात आणि मग नवी मुंबईत घणसोली-कोपरखैरण्याच्या बाजूला बालवाडी-पहिलीच्या वर्गांवर काम करताना ही चूक मी काही वर्षं इमानेइतबारे केली. खालचा क्रम त्यानंतर बसवलेला आहे. तो 3 ते 7 वयाच्या मुलांसाठी, तीसेक मुलांच्या वर्गासाठी आणि मदतीला दुसऱ्या बाई असतीलच अशी खात्री नसलेल्या खोलीसाठी आहे. पुढचा टप्पा सुरू झाला म्हणून आधीचा बंद करायचा नाही, तो चालूच राहतो. फक्त वहीला पुढे घुसू द्यायचं नाही.

## वर्ग उघडण्याआधीची तयारी

सामान फार लागत नाही. प्रत्येकाला एक पाटी, खडू, जाड मेणखडू, पुठ्ठे, कपड्यांचे चिमटे, जुने रंगाचे ब्रश आणि पाठकोरे कागद, भरपूर. रबाळे-महापेच्या पट्ट्यात कुणाचे तरी आईबाबा ऑफिसात कामाला असतातच. त्यांच्याकडे पाठकोरे मागितले की वर्षाची बेगमी होते.

मुलांच्या उंचीवर एक फळा हवा, खालची कड जमिनीपासून दीड-दोन फुटांवर. भिंतीलाच काळा रंग मारायचा मोह होतो, पण तळमजल्यावरच्या खोलीत जुलैत भिंत पाझरायला लागली की रंगासकट सगळं पापुद्र्यांनी सुटतं. प्लायवूडचा तुकडा रंगवून टांगा.

मुलं सतरंजीवर बसत असतील तर लिहिताना पाटी मांडीवर नको, पुढ्यात पाट किंवा छोटा चौरंग हवा. बाकावर बसत असतील तर पाय लोंबकळत नाहीत ना ते बघा. लोंबकळत असतील तर खाली वीट किंवा रद्दीचा गठ्ठा ठेवा. पाय अधांतरी असले की मूल तोल सांभाळण्यातच दमतं.

मग नावांची कार्डं. कार्डशीटच्या पट्ट्या, प्रत्येकाच्या दोन, अक्षर किमान दोन इंच उंच. लिहिण्याआधी पालकांना विचारून घ्या: रिया की रीया, आयुष की आयूष. चुकीचं नाव घोटून बसलं की ते सुटायला वर्ष जातं.

सावध: कार्डं कॉम्प्युटरवर छापणार असाल तर ‘ल’ आणि ‘श’ नीट बघा. बरेच फॉन्ट हिंदी वळणाची अक्षरं देतात. मराठीसाठी पाकळीचा ल आणि देठाचा श, असं राज्य शासनाच्या 2009 च्या वर्णमालेच्या निर्णयातच आहे. भिंतीवर एक, पाटीवर दुसरं असं झालं की मूल त्यांना दोन वेगळी अक्षरं समजतं. शक्यतो हातानेच लिहा.

## टप्पा 1: आधी खांदा, शेवटी बोटं

मनगटात 8 छोटी हाडं असतात. जन्माच्या वेळी ती कूर्चेची असतात आणि वयाबरोबर एकेक करून हाडात बदलतात, सगळ्यात शेवटचं साधारण 8 ते 12 वर्षांच्या दरम्यान. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाचा हात दोन ओळींत थरथरतो त्याला ‘लक्ष नाही’ म्हणणं म्हणूनच अन्याय आहे.

हाताची ताकद खांद्याकडून बोटांकडे येते. कामंही त्याच क्रमाने द्या. सुरुवातीला उभं राहून मोठ्या हालचाली: ओल्या ब्रशने फळ्यावर पाण्याच्या रेघा, अंगणात खडूने लांबच लांब आगगाडी, हवेत ओढणी फिरवून गोल. मग मनगट: कणीक मळणं, ओला फडका पिळणं, शाडूचे गोळे वळणं. मग चिमूट: दोरीवर चिमटे लावणं, वालाच्या शेंगा सोलणं, कागद फाडून चिकटवणं, पुठ्ठ्याच्या भोकांतून बुटाची नाडी ओवणं. गावठाणातल्या मुलांच्या चिमटीची मी फारशी काळजी करत नाही. आजीशेजारी बसून सुकट निवडलेली बोटं असतात ती.

पेन्सिल कशी धरायची याचं व्याख्यान देऊ नका. खडूचा तीन सेंटिमीटरचा तुकडा द्या. एवढासा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो आपोआप चिमटीत येतो. मेणखडूही मोडूनच द्या. नवीन खडू मोडताना जीवावर येतं खरं, पण मोडा.

सावध: वाटाणे, मणी, चिंचोके चार वर्षांखालच्या मुलांना नजरेआड देऊ नका. ते नाकात जातातच. आणि एखादं मूल पाटीवरची पेन्सिल सतत खात असेल तर रागावून उपयोग नाही. अंगात लोह कमी असलं तरी माती-खडू खावासा वाटतो. आईला सांगा, डॉक्टरांना दाखवू दे.

तपासा: मूल बघून काय काढू शकतं? गोल साधारण तीनच्या आसपास जमतो, अधिकचं चिन्ह चारच्या आसपास, चौकोन आणि मग त्रिकोण पाचच्या आगेमागे. दोन रेघा एकमेकींना छेदून नेता येत नसतील त्या मुलाला ‘क’ काढायला लावू नका. ‘क’ मध्ये उभी रेघ, तिच्या डावीकडे गोल आणि उजवीकडे शेपूट, एवढं सगळं एका जागी येतं.

## टप्पा 2: मुलांदेखत लिहा

हा टप्पा बहुतेक वर्गांत असतच नाही. बाई मुलं यायच्या आधी फळा लिहून ठेवतात, सुबक, रंगीत. मुलांना दिसतं ते तयार लेखन. ते कुठून सुरू झालं, कोणत्या बाजूला सरकलं, कशासाठी लिहिलं, काही कळत नाही.

रोज पाच मिनिटं मुलांसमोर काहीतरी खऱ्या कामाचं लिहा. उद्या खिचडीला काय लागेल त्याची यादी, आजारी मुलाला चिठ्ठी, ‘चपला इथे’ अशी दारावरची पाटी. लिहिताना मोठ्याने बोला: ‘इथून सुरू करते. चप-ला. च लिहिला, प लिहिला, आता ला, त्याला काना. झालं. आता जागा सोडते, कारण दुसरा शब्द आला.’ वेडेपणा वाटतो, पण लिहिणाऱ्याच्या डोक्यात काय चालतं ते मुलांना ऐकायला मिळायची ही एकच संधी असते.

वर्गाबाहेरचं लेखनही आत आणा. आमच्या भिंतीवर पुठ्ठ्याची लोकल आहे, एकेका डब्यावर एकेक स्टेशन: ठाणे, दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. कुणाचा मामा कुठे उतरतो ते मुलं बोट ठेवून सांगतात. एका मुलीने विचारलं होतं, ‘बाई, पाटीवर वाशी दोनदा का लिहिलंय?’ स्टेशनच्या काही पाट्यांवर देवनागरीत एकदा मराठी आणि एकदा हिंदी असतं. तिने ते पाहिलं, म्हणजे ती वाचायला लागली होती. तिला ‘व’ काढता येत नव्हता, तो भाग वेगळा.

## टप्पा 3: चित्र त्याचं, अक्षर तुमचं

मूल चित्र काढतं. तुम्ही शेजारी बसून विचारता, ‘सांग, काय चाललंय इथे?’ ते एक वाक्य सांगतं. तुम्ही ते त्याच्या डोळ्यांसमोर चित्राखाली लिहिता, बोट फिरवत वाचून दाखवता. एवढंच. पण तीन ठिकाणी हमखास गडबड होते.

पहिली: बाई वाक्य ‘सुधारून’ लिहितात. मूल म्हणतं, ‘आमचे घरान पानी नाय आयला,’ आणि कागदावर येतं, ‘आमच्या घरात पाणी आले नाही.’ मुलाला ते वाक्य पाठ असतं ते स्वतःच्या तोंडचं. कागदावर दुसरंच असलं की बोट आणि बोल जुळत नाहीत. जसं बोललं तसं लिहा. आगरी घरातलं मूल ‘शाला’ आणि ‘डोला’ म्हणत असेल तर या टप्प्यावर तेच लिहायचं, ‘ळ’ पुढे येईल. घरी हिंदी बोलणारं मूल ‘मेरा भाई गिर गया’ म्हणालं तर तेही तसंच लिहा, लिपी आपलीच आहे. तेलुगू किंवा तमिळ बोलणारं मूल सुरुवातीला काहीच सांगत नाही. त्याच्या चित्रातल्या एका वस्तूवर बोट ठेवून एकच शब्द विचारा, तो लिहा.

दुसरी: चित्राच्या मधोमध लिहिणं. आधी विचारा, ‘कुठे लिहू?’

तिसरी वेळेची. तीस मुलांचं एका दिवशी करायला गेलात तर वर्ग हाताबाहेर जातो आणि बाई हा प्रकार कायमचा सोडून देतात. रोज पाच मुलं घ्या. सहा दिवसांत तीस होतात. बाकीची तोवर कणीक आणि पाटीवर असतात.

तपासा: दुसऱ्या दिवशी तोच कागद समोर ठेवा. मूल बोट ठेवून वाक्य ‘वाचतंय’ का? शब्द पुढेमागे झाले तरी चालेल. वाचत असेल तर त्याला म्हणा, ‘आता खाली तूही लिही.’ नागमोडी रेघ येईल, गोलगोल येतील, नावातलं एखादं अक्षर उलटं येईल. ते लेखनच आहे. ‘काय लिहिलंस?’ विचारा. ‘हे काय आहे?’ असं कपाळाला आठ्या घालून विचारू नका.

## टप्पा 4: स्वतःचं नाव

मुळाक्षरांच्या आधी नाव. ‘आधी अ शिकेल, मग नाव’ हा हिशेब मोठ्यांचा आहे. मुलाला ‘अ’शी काही देणंघेणं नसतं, नावाशी असतं.

क्रम असा: (1) आल्यावर कार्डांतून आपलं नाव शोधून हजेरीच्या तक्त्यावर लावायचं. (2) काही आठवड्यांनी कार्डाच्या दुसऱ्या प्रतीचे अक्षरागणिक तुकडे करून जुळवायचे. (3) मग बघून लिहायचं. (4) मग न बघता.

तुकडे टाळ्यांप्रमाणे करा. ‘श्रेया’च्या टाळ्या दोन, श्रे आणि या, म्हणून तुकडेही दोन. श्, र, ए असं कापू नका. जोडाक्षर आहे म्हणून त्या मुलीला सोपं नाव देऊ नका किंवा थांबवूही नका. तिच्यासाठी ‘श्रे’ हे एक चित्र आहे, ती ते आनंदाने चुकीचं काढते आणि हळूहळू बरोबर काढते.

## टप्पा 5: अक्षराचं वळण

इथे रेंगाळावं लागतं, कारण एकदा चुकीच्या बाजूने बसलेलं वळण चौथीपर्यंत पिच्छा सोडत नाही.

अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने घेऊ नका, वळणाच्या कुळाने घ्या. ‘ग म भ न’ सगळ्यांच्या तोंडी आहे. मी त्यातला ‘भ’ बाजूला काढते आणि ‘र’ आत घेते. ग, म, न, र या चार अक्षरांत काना-मात्रेशिवाय गरम, नरम, नगर, मगर असे चार शब्द तयार होतात. दोन आठवड्यांत मुलाच्या हातात शब्द आला पाहिजे, सुटी अक्षरं नव्हे. पुढे व-क, मग त-ल, मग प-ष-फ, मग ट-ठ-ढ असं जा.

‘भ’ काढण्याचं कारण असं की सारखी दिसणारी अक्षरं एकत्र शिकवली की ती कायमची गुंततात. म आणि भ, घ आणि ध, य आणि थ, व आणि ब यांच्यात निदान तीन आठवड्यांचं अंतर ठेवा. आमच्या घणसोलीच्या मुलांना गावासाठी ‘घ’ लवकर हवा असतो. देते. मग ‘ध’ दिवाळीनंतर.

एकेक अक्षर असं घ्या:

(1) जमिनीवर खडूने मोठ्ठं अक्षर, मूल त्यावरून चालतं. सुरुवातीच्या जागी बाटलीचं झाकण ठेवा, म्हणजे कुठून निघायचं ते कळतं.
(2) ताटात रवा किंवा रांगोळी पसरून बोटाने.
(3) फळ्यावर ओल्या ब्रशने, उभं राहून.
(4) पाटीवर, खडूच्या तुकड्याने.
(5) कागदावर, रेघांशिवाय.

प्रत्येक वेळी वळण तोंडाने म्हणायचं आणि तेच शब्द रोज वापरायचे. ‘म’साठी आम्ही म्हणतो: ‘खाली, गाठ, आडवी, काना… आणि टोपी.’ मुलं टोपी जोरात म्हणतात. म्हणू द्या.

वरून खाली, डावीकडून उजवीकडे, काना नंतर, शिरोरेघ सगळ्यात शेवटी. हा क्रम मोडू देऊ नका.

सावध: शिरोरेघ आधी ओढायची सवय फार पसरलेली आहे. पानभर आडव्या रेघा मारून मूल मग त्यांना अक्षरं टांगत बसतं. त्यात जागेचा अंदाज चुकतो तो चुकतोच, पण मोठा घोटाळा ‘भ’ आणि ‘ध’चा होतो. या दोघांची रेघ डावीकडे तुटलेली असते. सलग रेघ आली की ‘भ’चा ‘म’ आणि ‘ध’चा ‘घ’ वाचला जातो. धर हा शब्द घर होतो आणि आपण मुलाला विचारतो, धडा नीट वाचला नाहीस का?

तपासा: तयार अक्षर बघून वळण कळत नाही. मूल लिहीत असताना शेजारी उभं राहून बघा, आठवड्याला प्रत्येकाचं एकदा. सुबक ‘ग’ आधी काना ओढून, मग खालून वर काढलेला असू शकतो.

उलटी, आरशातल्यासारखी अक्षरं सहा-सात वर्षांपर्यंत येतात. त्यावरून पालकांना घाबरवणारे शेरे लिहू नका.

## टप्पा 6: ऐकू येईल तसं लिहू द्या

आठ-दहा अक्षरं हातात आली की बाई शुद्धलेखन सुरू करतात. माझ्या मते या वयातली ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मूल तेच शब्द लिहायला लागतं जे येतात, आणि जे सांगायचंय ते सोडून देतं.

त्याऐवजी मुलाला हवा तो शब्द हळू बोलायला लावा आणि जे ऐकू येईल ते लिहू द्या. मराठीत साधारण असं घडत जातं. आधी ‘पाणी’चं ‘पन’ होतं, म्हणजे व्यंजनं ऐकू आली, स्वर निसटले. मग ‘पाणी’चं ‘पानी’, म्हणजे स्वरही सापडले. ‘रस्ता’चा ‘रसता’ होतो, ‘आंबा’चा ‘आबा’. प्रत्येक चुकीत मुलाला काय येतं ते दिसतं. ‘पन’ लिहिणाऱ्याला काना ऐकायला शिकवायचं, ‘पानी’ लिहिणाऱ्याला तूर्त काहीच नाही.

पहिल्या वेलांटीची गंमत बघा. ‘दिवा’ म्हणताना ‘द’ आधी ऐकू येतो, ‘इ’ नंतर. वेलांटी मात्र ‘द’च्या आधी दिसते. मूल ऐकलं त्या क्रमाने ‘द’ लिहून वेलांटी उजवीकडे देतं, ‘दीवा’. त्याचं तर्कशास्त्र चोख आहे, लिपी आडवी आली. म्हणून बाराखडी क-का-कि-की या क्रमाने घोकवण्याआधी चिन्हांचा क्रम बदला: काना, मग दुसरी वेलांटी, मग एक मात्रा, काना-मात्रा, मग उकार आणि सगळ्यात शेवटी पहिली वेलांटी. दुसरी वेलांटी लवकर घेण्यात फायदा आहे, कारण मराठी शब्दाच्या शेवटची वेलांटी बहुतेक दुसरीच असते. मी, आजी, पोळी, गाडी: मुलांच्या तोंडचे निम्मे शब्द इथेच निघतात. आणि पहिली शिकवताना ‘आधी द, मग मागे वळून वेलांटी’ असं वळणासकट दाखवा.

लिहिलेलं वाचायचं कसं? क्रम ठेवा. आधी मुलाला वाचायला सांगा. मग मजकुराला उत्तर द्या: ‘अगं बाई, मांजर पत्र्यावर चढलं? मग उतरलं कसं?’ मग एक, एकच गोष्ट दाखवा. बरोबर शब्द त्याच्या अक्षरावर खोडून लिहू नका, छोट्या चिठ्ठीवर लिहून शेजारी ठेवा. लाल पेन कपाटात.

सावध: ‘चुका सुधारल्या नाहीत तर त्याच पक्क्या होतील’ ही भीती मलाही होती. ज्या वर्गात रोज मुलांदेखत बरोबर लिहिलं जातं, भिंतीवर बरोबर शब्द दिसतात, तिथे ‘पानी’चं ‘पाणी’ होतंच. टप्पा 2 बंद केला असेल तर मात्र भीती खरी आहे.

## टप्पा 7: आता वही

कोरा कागद, मग एक ठळक रेघ, मग रुंद अंतराची दुरेघी. बारीक चौकटीची वही पहिलीच्या उत्तरार्धाआधी नकोच. एका बैठकीत दहा मिनिटं पुरे. तेच अक्षर पानभर लिहायला दिलंत तर पहिल्या ओळीतलं सगळ्यात चांगलं असतं आणि शेवटच्या ओळीत मूल स्वतःचीच चूक गिरवत असतं. पाच वेळा लिहायला द्या आणि त्यातलं स्वतःला आवडलेलं एक त्यालाच गोल करायला सांगा.

डावखुऱ्या मुलाला ओळीत डाव्या टोकाला बसवा, म्हणजे कोपर शेजाऱ्याला लागत नाही. कागदाचा वरचा भाग थोडा उजवीकडे झुकवा, पेन्सिल टोकापासून जरा वर धरू द्या, म्हणजे लिहिलेलं हाताखाली झाकलं जात नाही. हात बदलायला लावू नका. घरच्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप बहुधा प्रसादाचा आणि जेवणाचा असतो. ‘आजी, प्रसाद उजव्याने घेऊ दे, लिहू दे डाव्याने’ यावर सहसा तह होतो.

## पालकांचं काय करायचं

ऑगस्टमध्ये कुणीतरी दारात येतंच: ‘बाई, बाजूच्या शाळेत एबीसीडी, क ख ग सगळं झालं. तुमच्याकडे कणीकच चाललीय.’ त्यांच्याशी वाद घालू नका. जुलैत एक सभा घ्या आणि दोन कागद दाखवा: एकावर पानभर गिरवलेला ‘अ’, दुसऱ्यावर चित्राखाली ‘मझ बब गड’. दुसरा वाचून दाखवा, ‘माझे बाबा गाडी’, आणि विचारा, यातल्या कुठल्या मुलाने तुम्हाला काही सांगितलं? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात बालवाडीची 3 वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून 3 ते 8 वयाचा एकच पायाभूत स्तर धरला आहे, हेही सांगा. पाच वर्षांचं काम जूनच्या पंधरवड्यात उरकायचं कारण नाही.

घरी गिरवणं देऊ नका. भाजीची यादी करताना मुलाला शेजारी बसवा, एवढंच सांगा.

दर महिन्याला प्रत्येक मुलाचं एक पान तारीख टाकून फाइलमध्ये ठेवा, चांगलं निवडून नव्हे, त्या दिवशीचं जे असेल ते. सहा वर्षं उलटूनही मूल गोल आणि अधिक काढत नसेल, चित्राबद्दल काहीच सांगत नसेल किंवा कागद नाकाला लावून लिहीत असेल, तर फाइल घेऊन पालकांना डॉक्टरांकडे पाठवा, आधी डोळ्यांच्या. बाकीच्यांच्या फाइली मार्चच्या शेवटच्या सभेत हातात द्या, आणि देताना जूनचं पान सगळ्यात वर ठेवा.